रोम: टोटल वॉर – बंड करणारं कार्थेज आणि बिघडलेला वारस

प्रश्न थोडक्यात असा आहे. 'रोम: टोटल वॉर' या प्राचीन रोमवरच्या कॉम्प्युटर गेममध्ये सिपिआय हे रोमन घराणं घेतलंय. सिसिली पूर्ण हातात आहे, आफ्रिकेत कार्थेज आणि थॅप्सस जिंकलेत, तिजोरीत लाखाच्या वर दीनार पडून आहेत. तरी कार्थेज दोनदा बंड करून गेलं. पंचविशीतला वारस इटलीतल्या कापुआत बसवून ठेवला होता, तर त्याला दारू, उधळपट्टी आणि लाचखोरीचे ट्रेट्स (स्वभावाचे गुण-दोष) चिकटले. मग शहरं शांत कशी ठेवायची, आणि सेनापती कसे घडवायचे?

मला हे दोन प्रश्न वेगळे वाटत नाहीत. या गेममध्ये माणूस ज्या शहरात टर्न (म्हणजे एक खेळी) संपवतो ते शहर त्याला घडवतं किंवा बिघडवतं, आणि तो माणूस त्या शहराचं तेच करतो. शहर म्हणजे नुसता पैशाचा झरा आणि सेनापती म्हणजे नुसता घोडेस्वारांचा जथा असं धरून चाललात की दोन्हीकडे घाटा होतो. तुमच्या सेव्हमध्ये, म्हणजे साठवलेल्या खेळात, तेच झालेलं दिसतंय, म्हणून कार्थेज आणि तो मुलगा, दोघांनाही जरा जवळून बघू.

आधी कार्थेज. शहराच्या तपशिलाचा पडदा उघडा आणि पब्लिक ऑर्डरच्या, म्हणजे शहरातल्या शांततेच्या, दोन ओळी नीट वाचा. वरच्या ओळीत शांतता राखणाऱ्या गोष्टी, खालच्या ओळीत ती मोडणाऱ्या. प्रत्येक चिन्ह म्हणजे ५ टक्के. बरेच जण फक्त शेवटचा आकडा बघतात आणि तो ७० च्या खाली गेला की कर कमी करून मोकळे होतात. खरी माहिती खालच्या ओळीत असते, कारण प्रत्येक चिन्हावरचं औषध वेगळं आहे. कार्थेजमध्ये तुम्हाला तिथे बहुतेक तीन गोष्टी दिसतील: अस्वच्छता म्हणजे स्क्वॉलर, परकी संस्कृती, आणि राजधानीपासूनचं अंतर.

स्क्वॉलर लोकसंख्येबरोबर वाढतो. तो पूर्णपणे जात नाही, त्याला फक्त धरून ठेवता येतं. गटारं, स्नानगृहं, मग जलवाहिनी हा आरोग्याचा क्रम कुठल्याही मोठ्या शहरात मी बाजाराच्याही आधी लावतो. शेतीचं मात्र उलट आहे. शेताची प्रत्येक पायरी लोकसंख्यावाढीत अर्ध्या टक्क्याची भर टाकते, आणि ती भर कायमची असते. सुरुवातीला छोटं गाव मोठं करायला ती हवीच. पण जमीन मुळात सुपीक असेल आणि तुम्ही शेतं वरपर्यंत चढवत नेलीत, तर वाढ थांबतच नाही. शहर फुगतं, स्क्वॉलर फुगतो, आणि वाढ शेवटी शून्यावर येते ती पब्लिक ऑर्डरचा चुराडा झाल्यावर. शेतं पाडता येत नाहीत, हे त्यातलं सगळ्यात वाईट. म्हणून आफ्रिकेत आणि पुढे इजिप्तमध्ये एक-दोन पायऱ्यांवर हात आखडा.

वाढ जास्त होत असेल तर कर वाढवणं हाही उपाय आहे. हाय टॅक्सने वाढ अर्ध्या टक्क्याने उतरते, व्हेरी हायने एक टक्का. शांतता परवडत असेल तोवर मोठ्या शहरात कर चढा ठेवा आणि छोट्या गावात लो. लो टॅक्समुळे वाढीत अर्धा टक्का मिळतो. उत्पन्नात जे गमावता ते गाव लवकर शहर होऊन भरून देतं.

संस्कृतीचा मुद्दा जास्त नाजूक आहे. जिंकलेल्या शहरात परक्यांनी बांधलेल्या इमारती उभ्या असतील तितका असंतोष राहतो. सगळ्यात जास्त वजन राज्यपालाच्या वाड्याचं असतं, आणि तो पाडता येत नाही. तो रोमन होतो फक्त पुढच्या पायरीवर नेल्यावर. म्हणून कार्थेज, अँटिओक, अलेक्झांड्रिया ही शहरं जितकी लवकर घ्याल तितकी चांगली. शत्रूने वाडा शेवटच्या पायरीपर्यंत बांधून ठेवला असेल तर तुम्हाला पुढे बांधायला काही उरत नाही आणि तो असंतोष शेवटपर्यंत राहतो. उत्तरेकडे गॉल लोकांची शहरं घेणाऱ्या जुलिआय या दुसऱ्या रोमन घराण्याला हा त्रास जवळजवळ नसतो. तिथे वाडे खालच्याच पायरीवर असतात, वर आपला वाडा चढवला की काम झालं.

वाड्याच्या खालोखाल देऊळ. बाल, तानित, मिलकार्त यांपैकी जे असेल ते पहिल्याच टर्नला पाडा. पाडल्याचे थोडे पैसेही परत येतात. त्या जागी शनी, म्हणजे सॅटर्नचं देऊळ सुरू करा. सिपिआयकडे नेपच्यून, व्हल्कन आणि सॅटर्न असे तीन देव आहेत. राजधानीपासून दूरच्या शहराला सॅटर्नसारखा देव नाही, कारण तो 'लॉ', म्हणजे कायद्याचा वचक, वाढवतो, आणि लॉ दोन कामं करतो: शांतता देतो आणि अंतरामुळे होणारी पैशाची गळती कमी करतो. नेपच्यून मेसानासारख्या बंदरात ठेवा. व्हल्कन शस्त्रं सुधारतो, तेव्हा ज्या शहरात पायदळ भरती होतं तिथे, बहुधा कापुआत.

तिसरं चिन्ह अंतराचं. यावरचा उपाय एका क्लिकचा आहे आणि तरी लोक वर्षानुवर्षं करत नाहीत. राजधानी हलवा! कापुआ ही सुरुवातीची सोय होती. आता तुमचं राज्य सिसिलीच्या दोन्ही बाजूंना पसरलंय, तर सिराक्यूज मधोमध येतं. हलवण्यापूर्वी इटलीतल्या शहरांची शांतता तपासा. ती घरचीच असल्यामुळे थोडं अंतर सहज सोसतात.

आता शिबंदी. गेम शिबंदीत माणसं मोजतो, त्यांची लायकी मोजत नाही. लोकसंख्येच्या मानाने शहरात किती सैनिक आहेत एवढाच हिशोब. पेझंट्सच्या, म्हणजे साध्या शेतकऱ्यांच्या, तुकडीत हस्ताती या रोमन पायदळाच्या दीडपट डोकी असतात आणि ती स्वस्तात मिळतात. मोठ्या शहराच्या पोटात प्रिन्सिपेस किंवा ट्रिआराय असं कसलेलं पायदळ कोंडून ठेवणं म्हणजे लढणारी माणसं वाया घालवणं. पेझंट्स भरती केल्याने त्या शहराची लोकसंख्याही तेवढ्याने घटते, आणि त्याच तुकड्या दुसऱ्या गावात नेऊन विसर्जित केल्या तर तिथली लोकसंख्या वाढते. कार्थेजमधून भरा, थॅप्ससमध्ये सोडा. एका बाजूचा स्क्वॉलर हलका होतो आणि दुसरीकडे नवा वाडा लवकर बांधता येतो. युनिट स्केल, म्हणजे तुकडीचा आकार, 'ह्यूज' ठेवलं असेल तर याचा परिणाम फार मोठा दिसतो.

एवढं सगळं करूनही कार्थेज पुन्हा गेलंच, तर परत घेताना जो पर्याय विचारला जातो त्याकडे लक्ष द्या. नुसता ताबा घेतलात तर तीच गर्दी, तोच राग. गुलाम करण्याने निम्मी लोकसंख्या जाते, कत्तलीने पाऊण. पहिल्यांदा घेताना मी गुलाम करण्याचा पर्याय धरतो, आणि त्यात एक बारीक खुबी आहे. ते गुलाम तुमच्या सगळ्या शहरांत वाटले जात नाहीत. ज्या शहरात त्या क्षणी घराण्यातला माणूस गव्हर्नर म्हणून हजर आहे, तिथेच ते जातात. तेव्हा हल्ल्याच्या टर्नला बाकीच्या गव्हर्नरांना वेशीबाहेर एक पाऊल काढा आणि फक्त जे शहर वाढवायचंय तिथला आत ठेवा. सगळी माणसं तिकडे जातात. पुढच्या टर्नला गव्हर्नर परत आत.

ही खुबी मी कापुआसाठी राखून ठेवतो. कुठल्याही इटालियन शहराने २४,००० लोकसंख्या गाठून इम्पिरिअल पॅलेस, म्हणजे वाड्याची शेवटची पायरी, बांधला की मारिअस या रोमन सेनानीच्या लष्करी सुधारणा लागू होतात आणि लीजनरी कोहॉर्ट या नव्या पायदळाच्या तुकड्या भरती करता येतात. इतिहासात मारिअस पहिल्यांदा कॉन्सल झाला इ.स.पू. १०७ मध्ये. गेम सुरू होतो इ.स.पू. २७० ला, आणि नीट खेळलात तर हा बदल शंभरेक वर्षं आधी घडतो. पण त्यासाठी धावत सुटू नका. सुधारणा झाल्या की जुन्या हस्ताती-प्रिन्सिपेसच्या तुकड्यांत नवी माणसं भरता येत नाहीत. अनुभवी सेना अर्धवट कापलेल्या अवस्थेत असताना पॅलेस पूर्ण झाला तर ती तशीच झिजत संपते. पॅलेस उभा राहायच्या आधीच्या टर्नला सगळ्या जुन्या तुकड्या शहरात आणून भरून घ्या.

शहरांबद्दल आणखी एकच, कारण यावरून अनेक चांगली शहरं उगाच बदनाम होतात. नकाशावर शहराखाली जो उणे आकडा दिसतो त्यावर विश्वास ठेवू नका. गेम तुमच्या सगळ्या सैन्याचा पगार लोकसंख्येच्या प्रमाणात शहरांवर वाटून दाखवतो. म्हणून मोठं, भरभराटीचं शहर लाल दिसतं आणि ओसाड गाव हिरवं. कार्थेज उणे हजार दाखवत असेल तर ते तोट्यात नाही. त्याचा व्यापार, कर, खाणी, शेती हे वेगवेगळे आकडे बघा, म्हणजे ते किती कमावतंय ते कळेल.

आता तुमचा वारस. तो का बिघडला ते तुमच्याच प्रश्नात आहे: तिजोरीत लाख दीनार आणि माणूस रिकामा. खजिना ५०,००० च्या वर गेला की गव्हर्नरांना ऐषआराम आणि भ्रष्टाचाराचे ट्रेट्स लागण्याची शक्यता सुरू होते, आणि ती दर टर्नला पुन्हापुन्हा तपासली जाते. पैसा साठवणं या गेममध्ये पुण्य नाही. प्रत्येक शहरात काहीतरी बांधकाम चालू ठेवा, नाहीतर सैन्य भरती करा, पण टर्न संपवताना खजिना ५०,००० च्या आत असू द्या. रोमनांना हा रोग चांगला ठाऊक होता. गायस व्हेरेस इ.स.पू. ७३ ते ७१ सिसिलीचा राज्यपाल होता. त्याने बेट इतकं लुटलं की इ.स.पू. ७० मध्ये सिसरो या वक्त्याने त्याच्यावर खटला चालवला आणि व्हेरेस निकालाआधीच परागंदा झाला. गेमच्या लेखकांनी हा धागा नेमका उचललाय असं मला नेहमी वाटतं.

मुलगा १६ वर्षांचा झाला की तो नकाशावर येतो. गेममध्ये वर्षाला दोन टर्न, उन्हाळा आणि हिवाळा. साठीपर्यंत जगला तर तुमच्याकडे त्याचे ८८ टर्न आहेत, आणि त्यातले पहिले आठ-दहा सगळ्यात मोलाचे. तो आला त्याच टर्नला त्याचं पान उघडा. बापाचे काही गुण मुलात उतरायची शक्यता असते, त्यामुळे चांगल्या सेनापतीच्या मुलाकडे कधी कधी सुरुवातीलाच एखादा तारा असतो. कमांडचे तारे, मॅनेजमेंटच्या गुंडाळ्या, इन्फ्लुअन्सची पानं, यांपैकी कुठे कल दिसतो ते बघा आणि तिथल्या तिथे ठरवा: हा लढणार की कारभार करणार. दोन्ही करणारे क्वचित निघतात, आणि सगळ्यांना दोन्ही करायला लावलं की कोणीच धड होत नाही.

काहीही ठरलं तरी सुरुवातीचे टर्न अकॅडमी, म्हणजे शिक्षणाची इमारत, असलेल्या शहरात. घराण्यात निदान एक शहर असं ठेवा की जिथे अकॅडमी, मग स्क्रिप्टोरिअम, पुढे लुडस मॅग्ना अशी चढती रांग आहे. सिपिआयसाठी मी सिराक्यूज निवडतो. तिथे टर्न संपवणाऱ्या माणसाला चांगले ट्रेट्स आणि शिक्षक, विद्वान असे सोबती मिळण्याची शक्यता वाढते. देवळाचाही असर होतो, सॅटर्नच्या शहरात तिथल्या देवाच्या सेवेतले सोबती मिळू शकतात. आखाडे आणि शर्यतींचं मैदान याच्या बरोबर उलट. ते लोकांना शांत ठेवतात, पण तिथे रेंगाळणाऱ्या तरुणाला खेळ-शर्यतींचा नाद लागतो. म्हणून अकॅडमीच्या शहरात मी आखाडा सगळ्यात शेवटी बांधतो. शिक्षणाचं शहर आणि करमणुकीचं शहर वेगळं ठेवलं की निम्मी डोकेदुखी कमी.

कारभारी व्हायचा असेल तर त्याला पुढे एखादं मधलं शहर द्या. बांधून संपलेलं नको, जिथे अजून शेतं, रस्ते, बंदर, खाण बाकी आहे असं द्या. गव्हर्नर असताना त्याच्या हाताखाली जे बांधलं जातं त्यावरून त्याचे गुण वाढतात. पूर्ण बांधून झालेल्या शहरात बसलेला गव्हर्नर सडतो. चांगला कारभारी तयार झाला की मग त्याला सगळ्यात श्रीमंत शहरात हलवा, कारण मॅनेजमेंट कर आणि व्यापार वाढवतं. कार्थेजसारख्या तापलेल्या शहराला मात्र इन्फ्लुअन्स मोठा असलेला माणूस हवा. इन्फ्लुअन्सच्या प्रत्येक पानामागे ५ टक्के शांतता मिळते, म्हणजे सात पानांचा म्हातारा सिनेटर एकटा ३५ टक्के राखतो. रोमच्या सिनेटने ज्यांना क्वेस्टर, ईडाइल, प्रेटर, कॉन्सल अशी सरकारी पदं दिली, ते इथे कामाला येतात. त्यासाठी सिनेटची कामं वेळच्या वेळी करा, निदान सिनेटची मर्जी आहे तोवर.

लढणारा व्हायचा असेल तर अकॅडमीतून थेट मोठ्या मोहिमेवर पाठवू नका. सिसिली आणि आफ्रिकेत अधूनमधून बंडखोर उगवतात, त्यांच्यावर सोडा. सोबत दोन-तीन तुकड्या पुरे. ताऱ्यांचा संबंध जिंकण्याशी आहे, आणि बरोबरीच्या किंवा जड शत्रूशी लढून जिंकलेली लढाई जास्त मोलाची असते. दहापट सैन्य घेऊन चिरडलेल्या टोळीतून फारसं काही हाती लागत नाही. लढाई शक्यतो स्वतः खेळा. त्याला मागच्या बाजूने निर्णायक धडक द्यायला वापरा, भाल्यांच्या भिंतीवर समोरून घालू नका. त्याचे अंगरक्षक पैसे न देता, शहरात न जाता दर टर्नला हळूहळू भरून निघतात, त्यामुळे तुमच्याकडचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जबर घोडदळ म्हणजे हे तरुण सेनापतीच. तीन तरुण एकत्र हिंडवले तर सुरुवातीच्या काळात कुठलीही छोटी सेना फुटते. फक्त तारे त्यालाच मिळतात जो त्या सेनेचं नेतृत्व करतो, तेव्हा आलटून पालटून प्रत्येकाला पुढे करा.

दुसरी खुबी सोबत्यांची, म्हणजे रेटिन्यूची. एका माणसाकडे आठपर्यंत सोबती असतात आणि दोघे एकाच शहरात किंवा सेनेत असले की त्यातले बहुतेक एकाकडून दुसऱ्याकडे ओढून देता येतात. वैद्य, कवायत शिकवणारा, शिक्षक ही पिढ्यान्‌पिढ्या चालणारी संपत्ती आहे. धनी मेला की मात्र सगळे त्याच्याबरोबर जातात. सेनापती पन्नाशी ओलांडला की मी त्याला दर हिवाळ्यात एखाद्या तरुणाजवळ आणतो आणि कामाचे सोबती त्या तरुणाच्या अंगावर चढवतो. लढाईचे सोबती लढणाऱ्याला, हिशोबाचे कारभाऱ्याला. वाईट सोबतीही असेच हलवता येतात. तुमच्या वारसाबरोबर जे नको ते लोक जमले असतील, ते ज्याच्याकडून तुम्हाला काही अपेक्षा नाही अशा नातेवाइकाकडे सोपवा.

माणसं कमी पडतायत असंही तुमच्या सेव्हवरून दिसतंय: शहरं वीसच्या घरात आणि पुरुष मोजके. घराणं किती वाढतं याचा शहरांच्या संख्येशी संबंध आहे, म्हणून शहरं भराभर घेतलीत की दत्तक आणि जावयांचे प्रस्ताव येऊ लागतात. प्रस्ताव आला की आधी त्याचं पान वाचा. नाही म्हटल्याने काही नुकसान होत नाही. सगळ्यात चांगली भर मात्र वेगळ्या वाटेने येते. सेनापतीशिवाय, नुसत्या कॅप्टनच्या हाताखाली पाठवलेल्या सेनेने जबरदस्त विजय मिळवला, तर त्या कॅप्टनला घराण्यात घ्यायचं का असं गेम विचारतो. हा माणूस लढून आलेला असतो, आणि मी तर असा प्रस्ताव शक्यतो सोडत नाही.

तुमचा हा मुलगा सुधारेल का? ट्रेट्स अंगावरून धुतले जात नाहीत, पण उलट्या दिशेच्या गुणांनी काही पायऱ्या खाली आणता येतात. त्याला आजच कापुआतून बाहेर काढा. अजून पंचविशीचा आहे. ज्या घराण्याचं नाव तुम्ही घेतलंय त्यातल्या पब्लिअस कॉर्नेलिअस सिपिओला इ.स.पू. २१० मध्ये साधारण याच वयात हिस्पानियातल्या सैन्याचं नेतृत्व मिळालं. तोवर तो प्रेटरही झाला नव्हता. पुढच्याच वर्षी त्याने न्यू कार्थेज घेतलं आणि इ.स.पू. २०२ मध्ये झामाला कार्थेजच्या हॅनिबलला हरवलं. तुमच्या पोराला आफ्रिकेत न्यूमिडियाच्या सीमेवर, सर्टाच्या दिशेने, छोटी सेना देऊन पाठवा. मैदानात तो कुठलंच शहर चालवत नसतो, त्यामुळे लाचखोरीचे आकडे वाढायला जागाच नाही, आणि तारे मिळू लागले की सैन्याला त्याचा उपयोग होतो. कारभारात त्याला परत आणू नका. कापुआत पॅलेसकडे चालू असलेलं बांधकाम बघायला दुसरा, कमी वयाचा पण हिशोबी माणूस बसवा.

आणि इटलीत एक चांगला, चार-पाच ताऱ्यांचा सेनापती नेहमी जवळ ठेवा. मोहिमेच्या शेवटाकडे सिनेट तुमच्या विरोधात जाणार हे ठरलेलं आहे. एक टर्न असा येतो की ते तुमच्या घराण्याच्या प्रमुखाला आत्महत्या करायला सांगतात, आणि नाही म्हटलं की युद्ध सुरू. विजयासाठी ५० प्रांत लागतात आणि त्यात रोम हवंच. त्या दिवशी सगळे उत्तम सेनापती अलेक्झांड्रियात अडकलेले असतील तर ते जहाजाने परत यायला लागणारे टर्न फार महागात पडतात. कापुआ रोमच्या दक्षिणेला अगदी जवळ आहे. तिथली शिबंदी त्या काळापुरती तरी पेझंट्सची नसू द्या, आणि एक हेर रोममध्ये कायमचा बसवून ठेवा, म्हणजे वेशीच्या आत किती सैन्य जमलंय ते दर टर्नला दिसत राहील.